बिलेट चाकांसाठी सीएनसी: मिरजोळे वर्कशॉपच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

मोटारसायकलची चाकं अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून, म्हणजे बिलेटमधून, कोरून करायची हे पक्कं. मशीन कुठलं ते आजपासून या वहीत.

मागणी नवी नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक, इंटरसेप्टर, जुनी हिमालयन घेऊन मुंबई-गोवा हायवेवर फिरणारी मंडळी आमच्याकडे वेल्डिंगला, क्रॅश गार्डला येतात आणि शेवटी विषय चाकावर जातो. स्पोकचं चाक, आत ट्यूब. आंबा घाटात पंक्चर झालं की रस्त्याकडेला टायर उतरवा, ट्यूब काढा, पॅच मारा. ट्यूबलेस असेल तर स्ट्रिप मारून, हवा भरून माणूस मार्गी लागतो. काही मॉडेलना कंपनीचे अलॉय मिळतात, पण यांना आपल्या नक्षीचं, आपल्या मापाचं हवं असतं.

आमचा मूळ धंदा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांचा. प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचे फ्लँज, स्टर्न ट्यूबची बुशिंग. जोडीला काजू फॅक्टरीचे सुटे भाग. दोन लेथ, एक जुनं मिलिंग, रेडियल ड्रिल. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, एकही नाही. त्यामुळे जे येईल ते पहिलं, आणि चाकांचं काम नसेल तेव्हा त्याने बोटीचंही काम केलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर

मशीनचे कॅटलॉग उघडण्याआधी चाकाची मापं काढली.

१७ इंचाचं चाक म्हणजे टायर बसतो ती जागा ४३२ मिमीच्या आसपास. त्यावर दोन्ही अंगांनी कड येते, म्हणून बाहेरचा व्यास साधारण ४६०. १८ ला ४८५, १९ ला ५१०, आणि हिमालयनच्या पुढच्या २१ इंचीला ५६० च्या घरात. हे आकडे अंदाजाचे, मशीन निवडायला पुरेसे. रिमची खरी प्रोफाइल मानकातून घ्यायची, तिथे अंदाज चालत नाही. टायरची कड जिथे टेकते तो बीड सीट ५ अंशांच्या उताराचा असतो आणि ट्यूबलेसला त्याच्या आत एक उंचवटा लागतो. तो नसला तर हवा कमी झाल्यावर वळणात टायर सीटवरून निसटतो.

आता मशीन. व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग. त्याचा एक्स प्रवास (डावी-उजवीकडे) सगळे फुशारकीने सांगतात, चाकाला अडवतो तो वाय (पुढे-मागे). हासचं व्हीएफ-२ बघितलं: एक्स-वाय-झेड प्रवास ७६२ × ४०६ × ५०८ मिमी. वाय ४०६ म्हणजे १७ इंचीचीही बाहेरची कड हाताशी येत नाही. व्हीएफ-३ ला १०१६ × ५०८ × ६३५. त्यावर ४६० चं चाक १६ मिमीच्या एंडमिलने (मिलिंगच्या कटरने) बाहेरून फिरवायला ४७६ लागतात, बसतं. १९ इंचीला ५२६ लागतात, नाही बसत. २१ चं नावच नको.

म्हणजे सगळं एकाच मशीनवर करायचं तर वाय ६०० च्या वर हवा. तो आकडा आला की मशीनचा घेर, वजन आणि किंमत तिन्ही एकदम वरच्या वर्गात जातात.

२५ नोव्हेंबर

एका मित्राचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, राउटर घे. फर्निचरवाले वापरतात तो, चार बाय आठ फुटी टेबलाचा. मापाचा प्रश्नच मिटला! सावंतवाडीकडे एकाकडे आहे, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन गेलो. मालकाने तुकडा हातात घेतल्याबरोबर सांगितलं, "ह्या लाकडाचा मशीन आसा. धातू कापूक लावलास तर नाचतला."

नाचलंच. वरवरचा काप ठीक, पण ६ मिमी कटर जरा खोल घातल्यावर कर्कश आवाज सुरू झाला आणि भिंतीवर लाटा उठल्या. स्पिंडल २४,००० फिरतो, पण खालच्या फेऱ्यांत त्यात दम नाही. वरचं गँट्रीचं आडवं अंग पत्र्याचं, हाताने दाबलं तरी मापाच्या डायलचा काटा हलतो. नंबरप्लेट, डॅशबोर्डची पट्टी, साच्याचं लाकडी मॉडेल यांना उत्तम. बेअरिंग बसायचं भोक यावर करणार नाही. राउटर बाद.

९ डिसेंबर

कोल्हापूर. रत्नागिरीकर वर्कशॉपवाल्याला अडलं की घाट चढून कोल्हापूरलाच जावं लागतं. फाउंड्र्या तिथे, ग्राइंडिंग तिथे, मोठं टर्निंग तिथे. शिरोलीत ओळखीच्या एका काकांकडे व्हीटीएल आहे, म्हणजे उभा लेथ: जॉब आडव्या चकावर ताटासारखा बसतो, टूल वरून येतं. पंपाच्या केसिंगा करतात. आमच्या चाकाचं ड्रॉइंग त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"रिम हितं फिरवून देतो. पण आधी फिनिश करू नकोस."

कारण विचारलं. तर मुद्दा असा. बिलेटमध्ये किंवा फोर्जिंगमध्ये (ठोकून घडवलेल्या मालात) ताण अडकून असतात. आधी रिम मापात फिरवली आणि मग मधल्या आऱ्यांच्या खिडक्या कापल्या, तर ताण सुटतो आणि गोल असलेली रिम किंचित अंडाकार होते. म्हणून रफ टर्निंग, मग खिडक्या, मग शेवटी फिनिश टर्निंग. आणि त्या शेवटच्या सेटिंगमध्ये बेअरिंगची जागा आणि बीड सीट एकाच बांधणीत. ही दोन मापं वेगवेगळ्या वेळी केली तर चाक डोलणार, मग कितीही भारी मशीन असू दे.

याचा अर्थ प्रत्येक चाक दोनदा घाट चढणार. रफला एकदा, फिनिशला एकदा. परत येताना डोक्यात हाच हिशेब.

साखरप्याला चहा पिताना सुचलं. आपल्याकडे गॅप बेड लेथ आहे! ट्रॉलरच्या मोठ्या फ्लँजसाठी घेतलेला, चकासमोरचा बेडचा तुकडा काढला की ७०० पर्यंतचा जॉब फिरतो. फिनिश नाही जमणार, प्रोफाइल तर नाहीच. पण रफ टर्निंगला काय हरकत आहे? ४७० व्यासाला १५० फेऱ्या म्हणजे मिनिटाला २२० मीटर कटिंग स्पीड, कार्बाइडच्या टूलला आरामात. रफ घरी, खिडक्या घरी, फक्त फिनिश कोल्हापूरला.

१२ डिसेंबर

कालपासून वाय प्रवासाचा हिशेब उलटा मांडतोय.

बाहेरची कड व्हीएमसीवर कापायचीच नसेल तर व्हीएमसीचं काम रिमच्या आतलं. २१ इंची चाकात आतला व्यास ५०० च्या थोडा पुढे. आतून कापताना कटरचा मध्य भिंतीपासून त्रिज्येइतका आत राहतो, म्हणजे १६ च्या कटरला ४९० पुरतात. वाय ५१० च्या मशीनवर २१ इंचीसुद्धा होते. त्याच मशीनवर, जिथे १४ नोव्हेंबरला १९ इंचीही बसत नव्हती.

६०० चं मशीन घेतलं तर बाहेरची कड कापता येईल, पण ती तशीही लेथवरच चांगली होते. मग त्या ९० मिमीचे पैसे कशाला द्यायचे? तेवढ्यात प्रोब (जॉबला टेकून त्याचा मध्य शोधणारी सुई), एअर ड्रायर आणि पुढेमागे जॉब फिरवणारा चौथा अक्ष, म्हणजे फोर्थ अ‍ॅक्सिस येतो.

३० डिसेंबर

माल. अ‍ॅल्युमिनियम, ६०६१ टी६ किंवा ६०८२ ग्रेडचं, दोन्ही मिळतात. ६०६१ टी६ ची यील्ड (ज्या ताणाला माल कायमचा वाकतो) २७५ मेगापास्कलच्या आसपास, चाकाच्या कामाला जगभर हाच चालतो. प्लेट घ्यायची तर टी६५१, ती ताणून काढलेली असते आणि अडकलेला ताण कमी असतो. काकांचा मुद्दा लक्षात ठेवून हीच घ्यायची.

पुढचं १७ × ३.५ चाक: ४७० व्यास, ११५ जाडीची चकती. आकारमान २० लिटर, वजन ५४ किलो. तयार चाक ५ ते ६ किलो. बाकी सगळं भंगारात. आमच्या टर्नरने ऐकल्यावर विचारलं, "दादा, आपण चाकं विकणार का चिप्स?" बरोबर आहे त्याचं. फोर्जिंगची चकती घेतली तर हे प्रमाण खूप सुधारतं, पण फोर्जिंगच्या डायचा खर्च पाच-पंचवीस चाकांवर निघत नाही. पहिली खेप प्लेटमधूनच.

यातून मशीनचे दोन प्रश्न निघाले. एक, स्पिंडलची ताकद. १६ चा तीन धारी कटर, ८,००० फेऱ्या, धारेला ०.१२, म्हणजे फीड २,८८०. रुंदी ८, खोली १६ धरली तर मिनिटाला ३६८ सीसी माल निघतो. अ‍ॅल्युमिनियमला किलोवॅटमागे ८० सीसी धरतात, म्हणजे पाचच्या आत किलोवॅट. १२,००० फेऱ्यांना ५५० सीसी आणि सातच्या आत. ११ किलोवॅटचं मशीन पुरे. २० लिटरातला बराचसा माल लेथवरच जाईल, उरलेला इथे.

दोन, चिप्स. एवढा माल टेबलावर पडून राहिला तर कटर त्याच चिप्स पुन्हा पुन्हा चघळतो. चिप कन्व्हेयर आणि धुण्याचा जोरदार कूलंट हे ऐच्छिक यादीतून काढून सक्तीच्या यादीत टाकले.

३० जानेवारी २०२५

बंगळूरहून परत. २३ ते २९ जानेवारीला इमटेक्स हे मशीनांचं प्रदर्शन होतं, मेटल कटिंगचं वर्ष. बीएफडब्ल्यू, ज्योती, एस, एलएमडब्ल्यू या आपल्याकडच्या कंपन्या, शिवाय जपानी, जर्मन, तैवानी. पायांचे तुकडे पडले.

पंचाक्ष मशीन बघून मोह होतोच. ट्रनियनवर (तिरपं होणाऱ्या टेबलावर) चाकासारखाच जॉब तिरका होत होता, आऱ्याच्या खालची बाजू एका बांधणीत. नक्षीत पोकळ आरे किंवा खालून आत वळलेले भाग असतील तर त्याला पर्याय नाही. आमच्या पहिल्या तीन नक्ष्यांत तसं काही नाही. वरून अर्धं, उलटून अर्धं, तीन अक्षांत होतं. आणि ५०० च्या वरचा जॉब फिरवेल असा ट्रनियन घेतला तर त्या एका कोटेशनमध्ये आमची तीन साधी मशीनं बसतात.

स्टॉलवर सगळे स्पिंडलचे आकडे सांगतात. मी दोनच गोष्टी विचारत होतो. तुमचा सर्व्हिस इंजिनिअर कुठे राहतो? आणि स्पिंडल बेअरिंग किंवा सर्वो ड्राइव्ह गेला तर तो भाग भारतात कुठल्या गोदामात आहे? या प्रश्नाला "सर, नो इश्यू" असं उत्तर देणारा यादीतून खोडला. एकाने वही काढून कोल्हापूरचे दोन, पुण्याचे चार इंजिनिअर आणि ते कुठले भाग जवळ बाळगतात ते सांगितलं. त्याचं कार्ड वेगळं ठेवलं.

कोल्हापूरच्या काकांनी डिसेंबरात हेच सांगितलं होतं: "मशीन घेतोयस न्हवं? मग त्याला बरा करणारा माणूस कुठं राहतोय ते आदी बघ."

१७ फेब्रुवारी

कोटेशन आली. उरले तीन. सगळी तीन अक्षांची, बीटी४० (टूल होल्डरचं माप), वाय ५०० ते ५१०.

पहिलं: परदेशी ब्रँड, स्वतःचाच कंट्रोलर. शिकायला सोपा, पडद्यावरचं सगळं समजतं. पण बिघडला तर त्यांचाच माणूस लागतो, दुसरा कोणी हात लावत नाही.

दुसरं: भारतीय, फानुक कंपनीचा कंट्रोलर, १०,००० फेऱ्यांचा स्पिंडल, २४ टूलचा एटीसी (टूल आपोआप बदलणारा).

तिसरं: जुनं जपानी, मुंबईच्या डीलरकडचं. किंमत निम्म्याच्या आसपास. अंग भक्कम, कास्टिंगच वेगळं. पण अक्ष सरकवणारा स्क्रू किती झिजलाय हे बॉलबार (मशीन खरंच गोल फिरतं का ते मोजणारं उपकरण) लावल्याशिवाय कळत नाही, आणि डीलर बॉलबार लावू द्यायला तयार नाही. घरी नेऊन बघा म्हणतो. सहा टनांची वस्तू घरी नेऊन बघायची!

फानुकच्या बाजूने एक साधी गोष्ट आहे. रत्नागिरीत, चिपळूणला, लोट्याला जो कोणी ऑपरेटर मिळेल त्याचा हात फानुकवर बसलेला असतो. आयटीआयची मुलंही त्यावरच शिकतात. माझा मुलगा कॅम (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम) करेल, पण तो नसेल त्या दिवशी मशीन बंद नको.

१२ मार्च

शिमगा. उद्या होळी. पालख्या घरोघर फिरेपर्यंत कारखान्यात कोणी नाही, आणि असावं अशी अपेक्षाही नाही. डीलरचा फोन आला, "सर, या आठवड्यात फायनल करताय ना?" त्याला सांगितलं, पालखी नाचवून झाली की बोलू.

२ एप्रिल

जागा आणि वीज. मशीनपेक्षा इथेच जास्त वेळ जातोय.

जमीन जांभ्याची. पायाला चांगली, खाली पक्कं मिळतं. वर टाकलेली लाल माती सगळी उकरून ३०० मिमीचं आरसीसी ओतायचं ठरलं. अर्थिंगला मात्र हाच जांभा वैरी. एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत होतो आणि रेझिस्टन्स चढतो. मशीनवाल्यांच्या कागदात एक ओहमच्या आत मागितलंय, न्यूट्रल ते अर्थ दोन व्होल्टच्या आत. आमचा जुना खड्डा मोजला, जवळपासही नाही. नवीन दोन केमिकल अर्थिंग, तांब्याच्या पट्टीने जोडून, आणि मोजमाप मेमध्येच करायचं. पावसात मोजलं तर कुठलाही खड्डा पास होतो.

वीज येते-जाते याची तक्रार करून उपयोग नाही, सोय करायची. सर्वो स्टॅबिलायझर, त्याच्यामागे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. लाइट गेल्यावर मशीन कुठल्या स्थितीत थांबतं आणि कटर जॉबमधून बाहेर कसा काढायचा, हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवायचं, असं डीलरला लिहून दिलंय.

खारा वारा. समुद्र इथून काही किलोमीटर, दमट हवा बारा महिने. कंट्रोल पॅनलला पंखा नको, बंद पॅनल आणि त्याला स्वतंत्र एसी हवा. पंखा बाहेरची हवा आत खेचतो आणि कार्डांवर मिठाचा थर चढतो. कंप्रेसरला रेफ्रिजरेटेड ड्रायर. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीतून आम्ही पाणी काढतो ते बादलीने मोजावं असं. ते एटीसीच्या वाल्व्हमध्ये गेलं तर टूल बदलताना मशीन अडकणार.

पॅनलची उंचीही विचारून घेतली. मिरजोळे उंचावर आहे, पुराचा धोका नाही, तरी २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी काय करून गेलं ते बघितल्यावर हा प्रश्न विचारायची सवयच लागली आहे.

२३ एप्रिल

पुण्यात डेमो सेंटरवर चाचणी काप. त्यांचा ठरलेला नमुना तुकडा नको म्हणालो, आपला तुकडा नेला: चाकाचा पाचवा हिस्सा, एक आरा, दोन्हीकडच्या अर्ध्या खिडक्या आणि मध्ये बेअरिंगचं भोक.

रफिंग सुरेख. ३६८ सीसीचा हिशेब प्रत्यक्षात उतरला, स्पिंडल लोड निम्म्याखाली. फिनिशला आऱ्याच्या वळणावर १० च्या बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने) काप घेतले, तिथे पृष्ठभागावर बारीक रेघ राहिली. फीड कमी करून गेली. खिडकीचे कोपरे ६ त्रिज्येचे ठेवले होते, ४० खोलीला १२ चा कटर चौपटीच्या आसपास बाहेर येतो, तिथे चॅटर (कटर थरथरण्याचा आवाज) ऐकू आलाच. कोपरा ८ केला की १६ चा कटर जातो आणि आवाज बंद. नक्षी बदलायची, मशीनला दोष नाही.

भोक ४२ चं, ६३०२ बेअरिंगसाठी, फिट एन७. म्हणजे ४२ पेक्षा ८ ते ३३ मायक्रॉन लहान. त्यांनी मोजून दाखवलं, मधोमध. मी विचारलं, जॉब थंड झाल्यावर मोजू या का? तिथला इंजिनिअर हसला आणि म्हणाला, कोकणातले दिसता.

अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतं. ४२ च्या भोकाला १० अंशांत १० मायक्रॉन. मापाची मुभा २५ मायक्रॉनची, त्यातले १० नुसत्या उन्हाने खाल्ले. आणि ४६० च्या व्यासाला त्याच १० अंशांत ०.१ मिमी. आमच्या शेडमध्ये सकाळ-दुपार एवढा फरक सहज पडतो. चहा पिऊन आल्यावर मोजलं, भोक काही मायक्रॉन बारीक झालेलं, तरी मापात. नियम लिहून ठेवतो: बेअरिंगची जागा संध्याकाळी कापली तरी पास-नापास दुसऱ्या दिवशी सकाळी, बोअर गेज आणि जॉब रात्रभर शेजारी ठेवून.

६ मे

ठरलं. दुसरं, भारतीय, फानुक. मॉडेलचं नाव लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्या जॉबवरून काढावं.

ऑर्डरमध्ये शब्दशः लिहून घेतलेलं: बसवल्यावर आमच्या जागी बॉलबार, कागद आमच्या हातात. प्रोबसकट, म्हणजे चाक उलटल्यावर मध्य शोधायला डायल घेऊन तासभर वाकायला नको. फोर्थ अ‍ॅक्सिस आत्ता नाही, पण त्याचं वायरिंग आणि ड्राइव्हची जागा कारखान्यातूनच तयार. शेवटचे दहा टक्के चाचणी चाक मापात आल्यावर.

फोर्थ अ‍ॅक्सिसबद्दल घरात बराच वाद झाला. मुलगा म्हणतो, लगेच घ्या. त्याचं कारण हवेच्या वाल्व्हचं भोक: ते रिमच्या पिंपात आडवं येतं, ८.३ किंवा ११.३ चं, उभ्या स्पिंडलने पोचत नाही. पण एका भोकासाठी एवढा मोठा रोटरी? तिरका फिक्स्चर आणि रेडियल ड्रिलवर ते होतं. मागचं चाक सुरू होईल तेव्हा बघू.

रक्कम, कर्ज, १८ टक्के जीएसटी आणि त्याचं क्रेडिट यांचा हिशेब वहिनींच्या वहीत. तिथे माझी लुडबुड चालत नाही.

२७ मे

मशीन मेअखेर येणार होतं. परवा, २५ तारखेलाच मान्सून तळकोकणात उतरला, काल मुंबईत. एवढ्या लवकर कोणी धरलं नव्हतं. ट्रेलर थांबवला. ओल्या घाटात सहा टनांचं धूड नको, आणि इथे हायड्रा (क्रेन) उभा करायला अंगणात चिखल.

वाईट झालं असं नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. सगळे ट्रॉलर किनाऱ्याला, सगळे तांडेल (बोटींचे प्रमुख) आमच्या दारात. या दोन महिन्यांत नवीन मशीनकडे बघायला कोणाला फुरसत नसतीच.

१९ जुलै

शाफ्ट, शाफ्ट आणि शाफ्ट. मधल्या वेळात मुलाने चाकाचं फिक्स्चर काढलं. ४० मिमी स्टील प्लेट, मध्ये खुंटी, दोन डॉवेल. बाजू एक आणि बाजू दोन, दोन्ही त्याच खुंटीवर. डॉवेलची भोकं पुढे ब्रेक डिस्कच्या बोल्टच्या भोकांतच विरून जातात, चाकावर जादा भोक उरत नाही. हे मला सुचलं नसतं.

६ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला, घाट कोरडा, मशीन आलं. दाराची उंची आधीच मोजलेली होती तरी वरची केबलची नळी काढावी लागली. हायड्रावाल्याने एका दमात आत घातलं. लेव्हल लावून तीन दिवस तसंच ठेवायचं, मग पुन्हा लेव्हल.

१६ ऑक्टोबर

बॉलबार झाला. गोलाई मागितलेल्या मर्यादेत, वाय अक्षाचा बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढील) जरा जास्त होता, कोल्हापूरहून आलेल्या कंपनीच्या सर्व्हिसच्या पोराने जागेवर पॅरामीटरमध्ये बसवला. सकाळी फोन केला आणि दुपारी तो दारात होता.

३ नोव्हेंबर

पहिलं पुढचं चाक, १८ इंची. गॅप बेडवर रफ, व्हीएमसीवर दोन्ही बाजू, काल शिरोलीला फिनिश. रफ झालेली रिम खिडक्या कापण्याआधी आणि नंतर मुद्दाम मोजली: कापल्यावर ०.२ मिमीपेक्षा जास्त अंडाकार. फिनिश टर्निंग आधी केलं असतं तर तेवढं चाकात कायमचं राहिलं असतं. फिनिशनंतर चाक मॅन्ड्रेलवर (फिरवायच्या दांड्यावर) बसवून डायल लावला, बीड सीटचा रनआउट (डोलणं) ०.०६ मिमी. काकांनी डायल स्वतः पुन्हा फिरवून बघितला, मग चहा मागवला.

हे चाक रस्त्यावर जाणार नाही. याच खेपेतली आणखी चाकं पुण्यात तपासणीला पाठवायची: फिरता बेंडिंग, ड्रमवरचा रेडियल, टॉर्शन, आघात, हवागळती. दुचाकीच्या अलॉय चाकांसाठी आयएसओ ८६४४ आहे, आपल्याकडे आयएस १६१९२ ची मालिका. ते कागद हातात येईपर्यंत बुकिंगचा एक रुपया घ्यायचा नाही. वाहनात बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेही प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवायचं. जो ऐकून घेणार नाही त्याला चाक नाही.

मागच्या चाकाचं ड्रॉइंग सुरू. कुश रबरचे (धक्का शोषणाऱ्या रबरांचे) खण खोल आहेत आणि कोपरे ८ चे ठेवले तर रबर बसत नाही. मुलाने फोर्थ अ‍ॅक्सिसचं कोटेशन पुन्हा टेबलावर आणून ठेवलंय.